गादीवाफ्यांचा तिसरा हंगाम: बरणीतलं ढेकूळ

नेरळजवळच्या आमच्या पाच गुंठ्यांत सलग तिसऱ्या वर्षी नांगर नाही, चिखलणी (पाणी भरून मातीचा गाळ करणं) नाही, लावणी नाही. पद्धत सगुणा राईस तंत्राची, नेरळच्याच चंद्रशेखर भडसावळ्यांची: गादीवाफे (उंच, सपाट वाफे) एकदाच करायचे, साच्याने 25 सेंमी अंतरावर भोकं पाडून भात टोकायचा, कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची आणि त्याच वाफ्यावर वाल टोकायचा. वाण कर्जत-3. पहिल्या वर्षी शेजारचे काका बांधावरून म्हणाले होते, "नांगराशिवाय भात? मग आम्ही इतकी वर्षं गाळात लोळलो ते कशाला?"

या शनिवारी लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या नेल्या. तोंडाशी कांद्याच्या पिशवीची जाळी अडकवली, काठोकाठ पाणी भरलं आणि जाळीवर सावलीत वाळवलेलं एकेक ढेकूळ ठेवलं. एक आमच्या वाफ्यातलं, दुसरं काकांच्या खाचरातलं. काकांचं दोन मिनिटांत विरघळलं, बरणीत चहा झाला. आमचं अर्ध्या तासानेही जाळीवर बसलेलं. कडेची थोडी माती झडली, पाणी बऱ्यापैकी नितळ. फोडून बघितलं तर आत भाताची जुनी मुळं कुजून सुईएवढ्या नळ्या झालेल्या, आणि त्यांच्या भिंतींना कण चिकटलेले. मुळांचे आणि बुरशीचे चिकट स्राव कणांना धरून ठेवतात. चिखलणीत नेमकी हीच बांधणी मोडते.

पण चिखलणीला शिव्या घालणाऱ्यांतला मी नाही. ती पाणी धरते आणि तण बुडवून मारते. आपण ती सोडली की तण आपल्या गळ्यात. मूळ तंत्रात तणनाशक आहे, मी हट्टाने वापरत नाही. त्याची किंमत म्हणजे आषाढातले तीन रविवार पावसात वाकून बेणणी. शेवटच्या दिवशी बायको नुसती बघत होती, बोलली काहीच नाही. ते जास्त लागलं.

पाणी मुरण्याची चाचणीही केली. सहा इंची पाइपचा तुकडा जमिनीत दोन इंच ठोकायचा आणि त्यात साधारण 450 मिली पाणी ओतायचं, म्हणजे एक इंच पाऊस. पहिलं ओतलेलं धरू नका, कोरडी माती फसवते. लगेच दुसऱ्यांदा ओतून तो वेळ लिहा. पहिल्या डिसेंबरात 50 मिनिटं लागली होती, आता 14. मातीतला सेंद्रिय कर्ब 0.52 वरून 0.61 टक्के आलाय, पण नमुना एकेकच, तेव्हा त्यावर मिरवत नाही. ढेकळावर माझा जास्त विश्वास.

गेल्या वर्षीची चूक: वालावर पेंढ्याचं जाड आच्छादन. ओल टिकली खरी, पण खाली उंदरांनी संसार थाटला आणि टोकलेलं निम्मं बी फस्त केलं. यंदा पेंढा विरळ, आणि तोही रोपं वर आल्यावर. गांडुळांच्या विष्ठेचे बारीक ढीग मात्र यंदा सरींतही दिसतायत. पूर्वी फक्त बांधाच्या कडेला असत.

वाल आता दोन पानांवर आहे. मधे नांग्या (न उगवलेल्या रिकाम्या जागा) पडल्यात, त्या पुढच्या रविवारी भरीन. काका साचा मागून घेऊन गेलेत, एका वाफ्यापुरता.