वळण घेतल्यावरची खूण

मागच्या हिवाळ्यात आमच्या सायकल ग्रुपच्या राइडला, नागपूरजवळच्या आदासाच्या गणपतीला जाताना, एक मुलगी पहिल्यांदाच आली होती. कळमेश्वरला उजवीकडे वळायचं, ते तिच्या लक्षात आलं नाही आणि ती सरळ काटोलच्या दिशेने निघून गेली. मोबाइल बंद पडलेला, पाणी संपलेलं. ती सापडेपर्यंत दीड तास गेला. त्याच दिवशी मी सगळ्यांना सांगून टाकलं, पुढच्या वेळी रस्त्यावर खुणा मी करणार.

परवानगीसाठी चार दिवस या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. शेवटी एका साहेबांनी ऐकून घेतलं. ऑइल पेंट अजिबात नको, धुऊन जाईल असं काही वापरा, म्हणाले. मला ते पटलं. रस्ता सगळ्यांचा आहे, आमचा नुसता एक रविवार.

मग चुना घेतला, त्यात थोडं फेव्हिकॉल आणि नीळ. नीळ अशासाठी की नुसता पांढरा रंग रस्त्याच्या पट्ट्यांत हरवतो. जुन्या एक्स-रे फिल्मचा साचा कापला : पोह्याच्या प्लेटएवढं वर्तुळ आणि ज्या दिशेला जायचं तिकडे बाहेर निघालेली एक रेघ. हा बाण अमेरिकेतले सायकलस्वार डॅन हेन्री यांच्या नावाने ओळखला जातो. सायकलवाल्याची नजर खांबावरच्या पाटीवर नसते, समोरच्या डांबरावर असते, म्हणून तो इतका उपयोगी.

शनिवारी दुपारी मैत्रिणीच्या स्कूटरवर निघालो. सकाळी जमत नाही, दवाने डांबर ओलं असतं. दर ठिकाणी आधी खराट्याने धूळ झाडायची, नाहीतर चुना धुळीवरच बसतो आणि पहिल्याच ट्रॅक्टरबरोबर निघून जातो.

खूण नेमकी कुठे करायची, यातच खरं डोकं लागतं. ताशी 25 किलोमीटरने चाललेली सायकल एका सेकंदात सात मीटर जाते. उजवीकडे वळायचं तर मागे बघून, हात दाखवून मध्ये यावं लागतं. म्हणून पहिली खूण वळणाच्या 60 मीटर आधी, दुसरी अगदी तोंडाशी. आणि तिसरी वळण घेतल्यावर, थोडं पुढे. ही तिसरी बहुतेक जण करत नाहीत. माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची, कारण आपण बरोबर आलो की नाही, हे तीच सांगते.

धापेवाड्याच्या विठोबाला हात जोडून पुढे निघालो. आदासाकडे वळतो त्या फाट्यावर मी खाली बसून साचा दाबत होते, तेवढ्यात शेजारच्या घरातून एक म्हातारे काकाजी घाईघाईने आले.

"काय आखून राहिल्या ताई? रोड मोठा होते का? आमचं घर जाते काय?"

त्यांचा हात थरथरत होता. रस्त्यावर कोणी खुणा करायला लागलं की आधी जमीन जायची भीती वाटते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी उठून उभी राहिले, साचा त्यांच्या हातात दिला. "नाही काकाजी, उद्या आमची सायकलवाली मंडळी गणपतीला येणार आहे. वाट चुकू नये म्हणून." त्यांनी साचा उन्हात धरून पाहिला, आतली बरगडी दिसली तसे हसले. मग सुनेला हाक मारून आमच्यासाठी चहा ठेवायला सांगितला. पुढच्या प्रत्येक गावात मी आधी माणसांना सांगितलं, मगच खराटा काढला.

रविवारी निघायच्या आधी मी सगळ्यांना एकच गोष्ट दोनदा सांगितली : वळणानंतर खूण दिसली नाही तर थांबा आणि मागे फिरा. मी शेवटच्या गटाबरोबर होते. काकाजींच्या घरासमोर पोचले तर डांबर ओलं, तोंडाशीची खूण गायब. पहाटेच्या सड्यात धुऊन गेली होती. पुढच्या गटातले दोघे तिथून सरळ गेले, पण पुढे खूण दिसेना म्हणून पाच मिनिटांत परत आले. ते फाट्यावरच उभे होते.

काकाजींची सून ओशाळून दारात उभी होती. मी काही बोलायच्या आत ती आतून रांगोळीचा डबा घेऊन आली. "कसं होतं ताई, दाखवा." मी बोटाने दाखवलं. तिने एका फिरकीत गोल काढला, रेघ ओढली, आणि हात झटकून विचारलं, "अजून किती जण यायचे आहेत मागून?"