मृतसाठ्यावर गाव जगवताना : २०१६ च्या दुष्काळातला माझा अनुभव

मी तेव्हा आमच्या नगरपंचायतीत पाणीपुरवठा सभापती होतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लातूर-बीडच्या मधल्या पट्ट्यातलं समजा, वस्ती बावीस हजाराच्या आसपास आणि प्यायला गावाबाहेरचा एकच तलाव. २०१४ चा पाऊस कमीच झालेला, २०१५ चा तर गेला तो गेलाच.

दरवर्षी १५ ऑक्टोबरला धरणात, तलावात किती पाणी आहे ते धरून उन्हाळ्याचं नियोजन होतं, पिण्याला किती राखायचं, शेतीला किती सोडायचं. आमच्या तलावात शेतीला द्यायला काही उरलंच नव्हतं. सगळं पाणी पिण्यासाठी आरक्षित, असा कागद जिल्ह्यावरून आला, पण कागद आला म्हणून काय मोटारी बंद होत नसतात. बॅकवॉटरला काठाकाठानं मोटारी टाकलेल्या, रात्री लाईट आली की सुरू. तलाठी, लाईनमन आणि पोलीस घेऊन वायरी काढायला गेलो तर पहिलीच मोटार माझ्या चुलत मेव्हण्याची निघाली. "दाजी, ऊस डोळ्यादेखत जळालाय आन तुम्ही वायर काढायला आलाव व्हय?" त्याचा ऊस वाचला नाही आणि त्यानं पुढं वर्षभर आमच्या घरात पाय ठेवला नाही, एवढंच लिहितो.

आता हिशोबाचं. भुयारी गटार नसलेल्या गावाला माणशी ७० लिटर धरतात, म्हणजे आम्हाला दिवसाला पंधरा लाख लिटरच्या पुढं. मार्चमध्ये तलावाचा पसारा राहिलेला वीसएक हेक्टर. आमच्या इंजिनिअर साहेबांनी मिटिंगमध्ये पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलं, की उन्हाळ्यात उघडं पाणी नुसत्या वाफेनं दिवसाला सात-आठ मिलिमीटर उतरतं, आणि हेक्टरला एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार लिटर. करा गुणाकार. आख्खं गाव जेवढं पिणार तेवढंच ऊन पितंय! त्यामुळं "पाणी निम्मं सोडा, दुप्पट दिवस पुरंल" असं जे गल्लोगल्ली सांगितलं जात होतं त्यात दम नव्हता, निम्मं सोडलं तरी दीडपट दिवस पण पुरत नाही, कारण ऊन काय आपलं रोटेशन बघून पीत नाही. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ना १२ एप्रिलला, त्या पहिल्या गाडीला दहा वॅगन होत्या, पाच लाख लिटर. आमच्या एवढ्याशा गावाला पण ते एक दिवस पुरलं नसतं. तेव्हा कुणी येऊन वाचवेल ही आशा सोडा असं मी सभेत सरळ बोललो, विरोधकांनी त्यावर गोंधळ घातला, घालू दे.

मृतसाठा म्हणजे पाणी संपलं असं लोकांना वाटतं. तसं नसतं, पाणी असतं पण पाईपाच्या तोंडाखाली गेलेलं असतं, ते आपोआप येत नाही, उचलून आणावं लागतं. पोकलेन लावून तलावाच्या पोटात चर खणला, खोलातल्या डोहावर पंप बसवून पाणी चरात आणि चरातून जॅकवेलमध्ये, म्हणजे जिथनं गावाला पाणी उचलतात त्या विहिरीत. गाळ इतका की सकाळी खणलेला चर संध्याकाळी ढासळलेला. पाणी हिरवट, वास मारणारं, तुरटी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त लागायची आणि फिल्टरचं बेड सारखं तुंबायचं, ते धुवायला परत पाणीच. टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर मारून शेवटच्या नळाला ओटी टेस्ट करायची, पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची, नळीत पिवळसर रंग आला की जीव भांड्यात पडायचा.

पण खरी डोकेदुखी तलावात नव्हती, गावात होती. आठ दिवसांआड प्रत्येक वॉर्डाला सारखेच तास पाणी द्यायचं ठरलेलं, कागदावर एकदम न्याय. टेकडीवरच्या गल्लीत गेलो तर एका आजीच्या दारासमोर गुडघाभर खड्डा, नळ कापून तळाशी नेलेला, आजी खड्ड्यात बसून वाटीनं कळशी भरत होती. म्हणाली, "बाबा, तुझे तास मला नको, तुझं पाणी दे." खाली बाजारपेठेत त्याच वेळी घराघरात टिल्लू, म्हणजे नळाला जोडून पाणी ओढणारी छोटी मोटार, लावून गच्चीवरच्या टाक्या भरणं चाललेलं. तास सारखे दिले तरी प्रेशर सारखं कुठून येणार, आधी उतारावरचा आणि मोटारवाला पिणार आणि मग राहिलं तर वरचा, हे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या वॉलमनला वीस वर्षांपासून ठाऊक होतं, त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मग त्यालाच मधे बसवून गावाचे नवीन भाग पाडले, वॉर्डाप्रमाणं नाही, चढ-उताराप्रमाणं. खालच्या भागाचे व्हॉल्व्ह अर्धवट दाबून ठेवले. टेकडीला पहाटे, बाकी सगळं बंद असताना, एकटीलाच पाणी. आणि ज्या भागात पाणी सुटणार त्या भागाची लाईट तेवढा वेळ बंद करायची, महावितरणला पत्र देऊन. लाईट नाही तर टिल्लू नाही. यावरनं मात्र राडा झाला. दळणाच्या गिरणीवाले, झेरॉक्सवाले, ज्यांची पोरं परीक्षेला बसलीत ते, सगळे माझ्या दारात. एक नगरसेवक तर व्हॉल्व्हची चावीच घेऊन गेला आणि आपल्या गल्लीला रात्री परस्पर पाणी सोडलं, तेव्हापासून चाव्या वॉलमनच्या ताब्यात, आणि कुठला व्हॉल्व्ह किती वाजता उघडला-बंद केला ते चौकातल्या फळ्यावर खडूनं लिहायचं. फळ्यानं भांडणं थांबली नाहीत, पण भांडणाला वेळ आणि आकडा आला, "आम्हाला कमी" ऐवजी "आम्हाला सहाला लिहिलंय, आलं पावणेसातला" असं लोक बोलायला लागले. यावर उत्तर देता येतं.

खड्डे बुजवायला सांगितलं तर लवकर कुणी तयार होईना, आणि खरंय त्यांचं, उद्या परत प्रेशर गेलं तर? पण खड्ड्यातलं घाण पाणी लाईन बंद झाली की नळातून आत ओढलं जातं, दोन-तीन घरांत पोरांना जुलाब झाल्यावर आशाताईंनी घरोघर जाऊन हे समजावलं, मग बुजले. आजीचा नळ वर आला.

सप्टेंबरच्या शेवटी जो पाऊस लागला त्यात तलाव भरून सांडव्यावरून वाहिला, लोक फोटो काढायला गेले. पहिली मागणी आली ती लाईट बंद करणं थांबवा अशी, ती सभेत बिनविरोध पास झाली, मी एकटा विरोधात बोललो. महिन्याभरात टिल्लू परत सुरू. आता मी पदावर नाही, पण फळा आहे, चढ-उताराचे भाग तेच आहेत आणि टेकडीला पाणी अजून पहाटेच सुटतं.