उसने शांतिसैनिक

आज दुपारभर संयुक्त राष्ट्रांचा एक जुना ठराव वाचत बसले होते. क्रमांक २१३२, दक्षिण सुदान, २४ डिसेंबर २०१३. राजधानी जुबात गोळीबार सुरू झाला १५ तारखेला, आणि नऊ दिवसांत सुरक्षा परिषदेने तिथल्या शांतिमोहिमेतल्या सैनिकांची मर्यादा वाढवून १२,५०० केली, पोलिसांची १,३२३. एरवी शब्दाशब्दावर अडणारी परिषद एवढी झटपट? नवलच!

पण माणसं आणायची कुठून? तर लायबेरिया, काँगो, दार्फुरच्या मोहिमांमधून, तात्पुरती उसनी. तिथली गरज काय संपली होती?

त्याआधीच, १९ तारखेला, दक्षिण सुदानमधल्याच अकोबोच्या शांतिसैनिकांच्या तळावर हल्ला झाला होता. आश्रयाला आलेले नागरिक आणि दोन भारतीय शांतिसैनिक मारले गेले. वाढीव कुमक पाच दिवसांनी मंजूर झाली. चहा केव्हाच गार झालाय, मी अजून अकोबोतच आहे.