लॅटिनो पालकांचा वर्ग आणि घरात न बोलला जाणारा विषय

लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातील एका सामुदायिक आरोग्य केंद्रात संध्याकाळी पालकांचे वर्ग भरतात. त्यांत मी मदतनीस म्हणून काम करते. विषय एकच असतो : वयात येणाऱ्या मुलांशी शरीर, लैंगिक संबंध, गर्भधारणा आणि लैंगिक संसर्ग यांबद्दल घरी कसे बोलावे. समोर बसलेल्या बहुतेक आया मेक्सिकोतून किंवा मध्य अमेरिकेतून आलेल्या असतात; वडील कमी येतात, आणि जे येतात ते शेवटच्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसतात. या पालकांविषयी आरोग्य क्षेत्रात एक तयार समज आहे, की त्यांची संस्कृती पारंपरिक आणि कॅथलिक असल्यामुळे ते मुलांशी या विषयावर बोलतच नाहीत. ही समज मला आळशीपणाची वाटते, कारण हे पालक बोलतात आणि पुष्कळ बोलतात. ‘स्वतःला जप’, ‘आपला मान आपणच राखायचा असतो’, ‘आमच्यावर मान खाली घालायची वेळ आणू नकोस’, हे त्या घरांतील मुलामुलींनी शेकडो वेळा ऐकलेले असते. कशापासून जपायचे आणि जपायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र कोणी सांगितलेले नसते. आमच्या वर्गाचे काम एवढेच, की ताकिदीच्या पुढे काय सांगायचे याचा सराव करून घ्यायचा.

‘लॅटिनो’, म्हणजे मूळ लॅटिन अमेरिकेतील, म्हटले की एक चेहरा डोळ्यांसमोर आणण्याचा मोह होतो. अमेरिकेतील हा समाज आता साडेसहा कोटींहून अधिक आहे. मायामीतील क्यूबन कुटुंब, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधील पोर्तो रिकोचे किंवा डॉमिनिकन कुटुंब आणि आमच्याकडील मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातून आलेले कुटुंब यांच्यात भाषा वगळता फारसे साम्य नसते, आणि कधी कधी भाषेचेही नसते. आमच्या वर्गाला येणाऱ्या काही आयांची मातृभाषा सापोतेक किंवा कान्होबाल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची भाषा, आहे. स्पॅनिश त्या इतरांशी व्यवहारापुरती शिकल्या आहेत. त्यांना स्पॅनिशमधील रंगीत पत्रक हातात देऊन ‘आम्ही यांच्या भाषेत माहिती दिली’ असे समाधान मानणे ही शुद्ध फसवणूक आहे.

आणखी एक गोष्ट पालकांना पहिल्याच दिवशी सांगावी, असा माझा आग्रह असतो. 1991 मध्ये अमेरिकेत 15 ते 19 वयोगटातील दर हजार मुलींमागे जन्मांचे प्रमाण 61.8 होते, आणि हिस्पॅनिक (आकडेवारीत लॅटिनोंसाठी वापरला जाणारा शब्द) मुलींमध्ये ते शंभराच्या वर होते. 2022 पर्यंत देशाचा आकडा 14 च्या खाली आला आणि हिस्पॅनिक मुलींचा सुमारे 21 वर. म्हणजे दरी अजून आहे, पण घट प्रचंड आहे. ‘तुमच्या मुली लवकर गरोदर राहतात’ या सुरात ज्यांच्याशी वर्षानुवर्षे बोलले गेले, त्या पालकांना हे आकडे कोणी दाखवलेलेच नसतात. फळ्यावर ते लिहिले की वर्गाचा नूर बदलतो. आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर आल्यासारखे लोक खुर्चीत सैलावून बसतात. लैंगिक संसर्गांची गोष्ट वेगळी आहे. देशात दरवर्षी नव्याने होणाऱ्या अशा संसर्गांपैकी जवळपास निम्मे 15 ते 24 वयाच्या तरुणांमध्ये होतात, आणि क्लॅमिडियासारख्या संसर्गात बहुतेकांना कसलेच लक्षण जाणवत नाही. ‘काही झाले तर ती सांगेलच की’ हा भरवसा इथे कामाचा नाही, कारण तिलाच काही कळलेले नसते.

पालकांची खरी भीती मात्र आकड्यांची नसते. बोललो म्हणजे परवानगी दिली असे मूल समजेल, ही ती भीती. ती हसण्यावारी नेऊ नये. आजवरचे संशोधन तिला दुजोरा देत नाही. आईवडील मोकळेपणाने आणि आपली भूमिका स्पष्ट करून बोलतात, त्या घरांतील मुले घाई करतात असे आढळलेले नाही, आणि संबंध आल्यास संरक्षण वापरण्याची शक्यता अशा संवादाने वाढते. पण संशोधनाचे नाव घेऊन भीती जात नाही. ती सरावाने जाते, आणि तो सराव घेण्यात प्रोमोतोरांचा हात कोणी धरू शकत नाही. या त्याच वस्तीतील, त्याच देशांतून आलेल्या, आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रिया. त्यांतील एक जण तेरा वर्षांच्या मुलाची भूमिका घेते, हातात मोबाईल धरते आणि समोरच्या आईला विचारते, “आई, कंडोम म्हणजे काय?”

जवळजवळ प्रत्येक आईचे पहिले उत्तर ठरलेले असते : “हे तुला कोणी शिकवले?”

“कोणी नाही,” असे म्हणून ‘मुलगा’ मोबाईलमध्ये डोके घालतो. प्रोमोतोरा तशीच गप्प बसून राहते, आणि संभाषण संपले आहे हे कोणी न सांगता सगळ्यांना कळते.

मग दुसरा प्रयत्न होतो. या वेळी आई विचारते, “तू काय ऐकले आहेस, ते आधी सांग.” मुलगा काहीतरी अर्धेमुर्धे सांगतो. आई दोन वाक्यांत उत्तर देते : ते रबराचे आवरण असते, पुरुष ते संबंधाच्या वेळी वापरतो आणि त्यामुळे गर्भधारणा व बरेचसे संसर्ग टळतात. एवढे म्हणतानाच तिचे कान लाल झालेले असतात. त्यानंतर ती स्वतःहून जोडते, “तू अजून लहान आहेस, आणि तू थांबावेस असे मला वाटते. पण जेव्हा केव्हा प्रश्न पडेल, तेव्हा मित्राआधी मला विचार.” माहिती आणि मूल्य एका श्वासात आली, आणि दोहोंपैकी कशाचाही बळी गेला नाही. मुलांनी थांबावे असे वाटणे ही मागासलेली गोष्ट आहे असे सुचवणारे आरोग्य कर्मचारी मी पाहिले आहेत. त्यांचे असे बोलणे ऐकलेले पालक पुढच्या आठवड्यात परत येत नाहीत.

भाषेची अडचण वाटते त्यापेक्षा खोल आहे. मुलांनी शरीराच्या अवयवांची नावे शाळेत इंग्रजीत शिकलेली असतात आणि आईला ती स्पॅनिशमध्येही उच्चारायची सवय नसते. त्यात अनेक घरांत मूलच आईची दुभाषी असते. बँकेत, घरमालकाशी बोलताना आणि डॉक्टरांकडेसुद्धा. एका आईने वर्गात सांगितले, की तिच्या अतिरक्तस्रावाबद्दल डॉक्टर जे विचारत होते, त्याचे भाषांतर तिची बारा वर्षांची मुलगी करत होती. मुलीने एक प्रश्न गाळला, आईने एक उत्तर गाळले, आणि दोघी घरी गेल्या. आरोग्यसेवेतील भेदभावाविरुद्धच्या केंद्रीय नियमानुसार 2016 पासून तातडीचा प्रसंग वगळता अल्पवयीन मुलांना दुभाषी म्हणून वापरता येत नाही आणि रुग्णाला मोफत दुभाषी मागता येतो. हे पालकांना माहीत नसते, आणि ज्यांनी सांगायला हवे त्यांतील काहींना ते सांगण्याची घाई नसते.

मुलगी आणि मुलगा यांना लावलेल्या वेगवेगळ्या मापांबद्दल वर्गात सर्वांत जास्त वाद होतो. मुलगी पंधरा वर्षांची झाली की तिची किन्सेआन्येरा थाटात होते, पाहुणे येतात, बाप तिच्यासोबत पहिला वाल्झ नाचतो. आणि त्याच सोहळ्यानंतर तिच्यावरचा पहारा दुप्पट होतो. तिच्या भावाला मात्र कोणी काही विचारत नाही, आणि काही सांगतही नाही. मुलग्याला मोकळीक मिळते असे वरवर दिसते, पण माझ्या मते तो घरातील सर्वांत दुर्लक्षित माणूस असतो : त्याने नकार कसा ऐकायचा, स्वतःचा नकार कसा द्यायचा, हे त्याला कोणीही शिकवलेले नसते. शेवटच्या रांगेतील वडिलांना बोलते करायचे असेल, तर त्यांना ‘लैंगिक शिक्षण’ या नावाने हाक मारून उपयोग नाही. ‘तुमच्या मुलाने एखाद्या मुलीशी कसे वागावे असे तुम्हाला वाटते?’ असे विचारले की ते टोपी बाजूला ठेवतात. समलिंगी मुलांचा विषय आम्ही वर्गात उशिरा काढतो. तोवर परस्परांविषयी थोडा भरवसा निर्माण झालेला असतो, आणि तरीही त्या दिवशी एखादी खुर्ची रिकामी राहतेच.

डॉक्टरांच्या खोलीबद्दल सविस्तर सांगावे लागते. वयात येणाऱ्या मुलाच्या तपासणीत डॉक्टर पालकांना काही वेळ बाहेर बसायला सांगतात. ही चांगली आणि शिफारस केलेली पद्धत आहे, पण ज्या आईने सीमा ओलांडण्यापासून शाळेच्या अर्जापर्यंत या मुलासाठी सर्व काही केले, तिला तो अपमान वाटतो. म्हणून आम्ही तिला आधीच कल्पना देतो, आणि शक्य असेल तर मुलाला तिनेच सांगावे असे सुचवतो : “आज मी थोडा वेळ बाहेर बसेन, तू डॉक्टरांना हवे ते विचार.” बाहेर जाणे ही तिने दिलेली गोष्ट झाली की तिच्याकडून काही हिरावले गेले असे तिला वाटत नाही. कॅलिफोर्नियात 12 वर्षांचे किंवा त्याहून मोठे मूल लैंगिक संसर्गाची तपासणी आणि उपचार स्वतःच्या संमतीने घेऊ शकते, हेही आम्ही लपवत नाही. सुरुवातीला खळबळ उडते. पण मुलाला संसर्ग होऊनही तो भीतीने लपवेल हा पर्याय समोर ठेवला, की बहुतेक पालक स्वतःच उत्तर शोधतात.

लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवू शकणाऱ्या एचपीव्ही या विषाणूवरची लस हा या सगळ्यातील सर्वांत सोपा प्रवेश आहे. अमेरिकेत ती 2006 पासून मिळते, आणि मुलग्यांसाठी 2009 पासून. बालरोगतज्ज्ञांची संघटना ती 9 ते 12 या वयात सुरू करावी असे सांगते. सुरुवात पंधराव्या वाढदिवसाआधी झाली तर तीनऐवजी दोन मात्रा पुरतात. ‘नऊ वर्षांच्या मुलीला हे कशाला?’ हा प्रश्न येतोच, आणि संसर्गाशी गाठ पडण्याच्या कितीतरी आधी लस दिली तरच ती पुरते काम करते, हे त्याचे सरळ उत्तर आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण या देशात हिस्पॅनिक स्त्रियांमध्ये गोऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त आहे, आणि वर्गात असा एखादा मृत्यू जवळून पाहिलेली कोणीतरी असतेच. ती बोलू लागली की आम्ही गप्प बसतो. विमा नसलेल्या मुलांना 19 वर्षे पूर्ण होईपर्यंत केंद्र सरकारच्या योजनेतून लस मोफत मिळते.

शाळा काय शिकवते, हे पालकांना बहुधा मुलाच्या दप्तरातील चिठ्ठीवरून कळते. कॅलिफोर्नियाच्या 2016 पासून लागू झालेल्या कायद्यानुसार मिडल स्कूलमध्ये (हायस्कूलच्या आधीच्या टप्प्यात) एकदा आणि हायस्कूलमध्ये एकदा सर्वंकष लैंगिक आरोग्य शिक्षण द्यावेच लागते. पालकांना अभ्यास साहित्य पाहता येते आणि मुलाला त्या तासांतून वगळताही येते. आम्ही वगळण्याचा अर्ज कसा भरायचा हेही सांगतो, कारण अधिकार लपवून विश्वास मिळत नाही. साहित्य पाहायला गेलेल्या आयांपैकी बऱ्याच जणी अर्ज न भरता परत येतात आणि मुलीला विचारतात, “आज कोणता धडा झाला?”

मायामी विद्यापीठात घडलेला ‘फामिलियास उनिदास’ हा उपक्रम याच धर्तीवर चालतो : प्रशिक्षण पालकांच्या गटाला, स्पॅनिशमध्ये, आणि मुलांशी बोलायचे काम पालकांचे. ब्राँक्समध्ये आईला मुलाच्या तपासणीच्या वेळी दवाखान्यातच गाठून मार्गदर्शन करण्याचा प्रयोग झाला, कारण दोन नोकऱ्या करणारी आई संध्याकाळच्या वर्गाला येऊ शकत नाही. आमच्याकडेही अशा आया आहेत, आणि अलीकडे स्थलांतर विभागाच्या धाडींच्या भीतीने कोणत्याही सरकारी दिसणाऱ्या इमारतीत पाऊल न टाकणाऱ्याही आहेत. त्यांच्यासाठी प्रोमोतोरा आता घरोघरी जातात किंवा कपडे धुण्याच्या दुकानात गाठतात, जिथे यंत्र फिरत असेपर्यंत कोणालाही कुठे जायचे नसते. मुलाशी बोलायला आम्ही सुचवतो ती जागा गाडीची असते : दोघांच्या नजरा रस्त्यावर असतात, आणि पुढच्या सिग्नलपर्यंत जेवढे बोलून होईल तेवढे त्या दिवसाला पुरते.