सुतळीचं माप

काल रात्री दिवा घालवायला गेले, तर सुतळी टँकच्या मागच्या भिंतीला लागून सरळसोट पडलेली. नाकापासून शेपटीपर्यंत एकही वळण नाही. काचेवर पट्टी धरून मोजलं: 118 सेंटीमीटर. टँक आहे 120 चा.

सुतळी म्हणजे माझी पाळलेली सापीण, कॉर्न स्नेक जातीची. आली तेव्हा 30 सेंटीमीटरची होती, जाडीला पेन्सिलीएवढी, म्हणून हे नाव. आता ती साडेतीन वर्षांची आहे आणि नाव चेष्टेचं वाटतं.

पहिले काही महिने ती झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात राहिली. पिल्लाला तेवढं पुरतं. फक्त झाकण पक्कं हवं, कारण जिथून डोकं जातं तिथून अख्खी सुतळी जाते. मग 75 बाय 30 चा काचेचा टँक घेतला. त्या वेळी मी एक जुना हिशोब धरून चालले होते: टँकची लांबी अधिक रुंदी ही सापाच्या लांबीएवढी असली की झालं. 75 आणि 30 म्हणजे 105. सुतळी मीटरभराची होईपर्यंत मी निर्धास्त.

त्यातच मी मोजायची चूक केली. तिने टाकलेली कात पट्टीवर पसरली तर भरली 114. घाबरलेच! हिशोबाच्या पलीकडे गेली की ही! नंतर कळलं की कात नेहमी सापापेक्षा लांब भरते. ती मोज्यासारखी उलटी होत निघते, खवल्यांमधल्या घड्या उलगडतात आणि ती ताणली जाते. साप हाताने ताणून मोजणं तर नकोच. ती भिंतीकडेने सरकत असताना वरून फोटो काढायचा, शेजारी पट्टी ठेवायची आणि मग फोटोतल्या सापावर दोरा फिरवायचा. असं केल्यावर खरी लांबी निघाली 95.

म्हणजे हिशोबात ती बसत होती. पण त्या टँकमध्ये तिरकं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत गेलं तरी जेमतेम 81 सेंटीमीटर मिळतात. ती त्यात कधीच सरळ होऊ शकत नव्हती, आणि मी मात्र ‘सापांना वेटोळं घालूनच बसायला आवडतं’ असं सगळ्यांना सांगत होते. दुसरं काय करणार बिचारी! रात्री ती काचेच्या एकाच कोपऱ्यावर नाक घासायची, तेही मी ‘खेळते’ म्हणून सोडून दिलं होतं.

तापमानाचीही तीच गत. साप ऊब हवी असेल तर उबेकडे जातो, नको असेल तर थंड बाजूला. माझ्या टँकमध्ये एका टोकाला 31 अंश आणि दुसऱ्या टोकाला 28. जाऊन जाऊन जाणार कुठे?

मग 120 बाय 60 बाय 60 चा घेतला, समोरून सरकत्या काचांचा. (वरून उघडणारा पुन्हा घेणार नाही. वरून हात आला की तिला घारच आल्यासारखी वाटते.) थंड बाजूला आता 23-24 अंश मिळतात. हौसेने तिला आत सोडलं आणि बाईसाहेबांनी तीन आठवडे खाणं बंद केलं. दादा लगेच म्हणाला, ‘‘मी सांगत होतो, मोठ्या जागेत साप बिथरतो.’’ मीही जुना टँक परत पुसून ठेवला होता.

पण नव्या टँककडे नीट बघितल्यावर लक्षात आलं: आत एक लपायची जागा, एक पाण्याचं भांडं आणि बाकी सगळं मैदान. उबेपासून पाण्यापर्यंत जायचं तर तिला उघड्यावरून जावं लागत होतं. मग दोन्ही टोकांना अंगाला घट्ट बसणाऱ्या लपणी ठेवल्या, मध्ये वाळकी पानं, सालीचे तुकडे, पुठ्ठ्याच्या नळ्या आणि चढायला एक जाड फांदी. तीन बाजूंच्या काचांना बाहेरून काळा कागद लावला. पाचव्या दिवशी तिने उंदीर घेतला. आता फांदीवर रोज असते. जमिनीवरचा साप म्हणून मी उंचीचा विचारच केला नव्हता.

तेव्हा पिल्लू लहान आहे म्हणून टँकही लहानच हवा, हे मला आता पटत नाही. आडोसे भरपूर असतील तर मोठा टँक पहिल्यापासून चालतो आणि मधल्या टँकचा खर्च वाचतो. ‘टँक लहान ठेवला की साप लहान राहतो’ हे तर साफ खोटं. साप वाढतोच, अडकतो तेवढा.

राहता राहिले ते दोन सेंटीमीटर. आता तिची वाढ मंदावली आहे, पण कॉर्न स्नेक दीड मीटरपर्यंतही जाऊ शकतात. आज सकाळी खोलीची ती भिंत मोजली. दीड मीटरचा टँक बसतो, पण पुस्तकांचं कपाट हलवावं लागेल. दादाला अजून सांगितलेलं नाही, कपाट त्याचं आहे.