नोंद ७: गाळातली घरघर

मागच्या खेपेला म्हटलं होतं, काकांच्या पुरात बुडालेल्या रेकॉर्डी धुताना मधलं कागदी लेबल भिजू नये म्हणून काहीतरी बघतो. झालं काम. उद्यमनगरात एका टर्नरकडं नायलॉनचा रॉड घेऊन गेलो. एलपीचं, म्हणजे मोठ्या रेकॉर्डचं, लेबल १०० मिमी, म्हणून दोन्ही बाजूंनी झाकायला ११० मिमीच्या दोन चकत्या काढून घेतल्या. काठाला खाच मारून ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवायची रबरी कडी, मधून एम ६ चा बोल्ट, वर विंगनट. "कसल्या मशिनचा पार्ट हाय?" त्यानं विचारलं. रेकॉर्ड धुवायला, म्हटल्यावर मजुरी निम्मी केली. कीव आली असावी.

आधीचं न वाचलेल्यांसाठी: काका कोल्हापुरात शाहूपुरीत तळमजल्यावर राहायचे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी घरात आलं. वरचे दोन कप्पे त्यांनी माळ्यावर चढवले, खालचा राहिला. नेमका त्यातच साठच्या दशकातला सगळा गॅरेज (म्हणजे ओबडधोबड, कच्चं रॉक) आणि सायकेडेलिक (म्हणजे नशिल्या, विचित्र आवाजांचं रॉक) माल. पाणी ओसरल्यावर कव्हरं कॉटवर वाळत घातली, तबकड्या गाळासकट वर्तमानपत्रात गुंडाळल्या. "निवांत धुऊया," म्हणाले. दिवाळीनंतर काका गेले. काकूंनी खोकी रिक्षातनं माझ्याकडं पाठवली. ९५ होत्या, आजवर ३४ धुऊन झाल्या.

पद्धत आता बसली आहे. पुराचा गाळ पिठासारखा बारीक, वाळला की खाचेत सिमेंट. कोरडं पुसायचं नाही, ओरखडे पडतात. आधी अर्धा तास डिस्टिल्ड वॉटरमध्ये उभी ठेवायची, मग भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, खाचेच्या दिशेनंच. परत साध्या डिस्टिल्डमध्ये. एक सांगून ठेवतो, ७८ आरपीएमच्या लाखेच्या रेकॉर्डींना अल्कोहोल अजिबात लावू नका, लाख विरघळते. आपल्याकडं बीटल्ससुद्धा ७८ वर निघाले होते. तसलं काही सापडलं तर हात आवरा.

गंमत कव्हरांची. दुकानदारांनी पेनानं घातलेल्या किमती पार वाहून गेल्या. काकांची पेन्सिल मात्र जशीच्या तशी. शिसं पाण्याला दाद देत नाही. प्रत्येक आतल्या पाकिटावर कुठं घेतली, कितीला, आणि शेरा. 'मटन स्ट्रीट, ४० रु., दुसरी बाजू ऱ्हाऊ दे.' 'ऱ्हिदम हाऊस, महाग, पण कव्हर बघ.' मटन स्ट्रीट म्हणजे मुंबईचा चोरबाजार, ऱ्हिदम हाऊस हे तिथलंच तेव्हाचं रेकॉर्डचं दुकान. शेरे बहुतेक बरोबर असायचे. स्टीरिओबद्दलचे सोडून, तिथं ते हट्टीच होते. गॅरेज म्हणजे मोनो, डावा-उजवा वेगळा नाही, सगळा आवाज एकच, विषय संपला.

थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्सचा १९६६ चा पहिला अल्बम परवा धुतला. ओरिजिनल नव्हे, मागाहून काढलेली प्रत. टेक्सासमधल्या ऑस्टिनचा हा बँड. त्यातला टॉमी हॉल मडक्याच्या तोंडाशी माइक धरून आत आवाज काढायचा, म्हणून गाण्यामागं ते सतत डुगुडुगु चालतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं प्लेअरचा पट्टा घसरतोय. काका उठले, स्वयंपाकघरातनं कळशी आणली आणि तोंड आत घालून हुबेहूब डुगुडुगु काढून दाखवलं. आतनं काकू ओरडल्या, "अहो, पाणी भरायची हाय ती!"

माझ्या जुन्या स्पीकरचा कागदी कोन उंदरानं कुरतडला होता, तेव्हाही असंच. मी रडकुंडीला आलेलो. काकांनी किंक्स हा इंग्लिश बँड लावला आणि म्हणाले, "लेका, ह्या आवाजासाठी ह्यांच्या गिटारवाल्या डेव्ह डेव्हिसनं स्पीकर ब्लेडनं फाडला. तुझं उंदरानं फुकटात केलं." कोन मी नंतर बदलला. तो स्पीकर त्यांना आधीचाच बरा वाटायचा.

आणि 'नगेट्स'. साठच्या दशकातल्या असल्याच बँडांचा संग्रह: लेनी के यानं निवडलेली २७ गाणी, दोन एलपी, इलेक्ट्रा कंपनी, १९७२. काकांचं हे पंचांग होतं. अडलं की तेच उघडायचं. काल पहिली तबकडी धुतली, वाळवली, लावली. सुरुवातीलाच विचित्र घरघर. मनात म्हटलं, गेली, गाळ राहिला आत. सुई उचलायला हात घातला आणि पाकिटावर नजर गेली: 'पहिली घरघर गाण्यातलीच हाय. गिटारची उलटी टेप. सुई उचलू नको.' खाली मी ती उसनी नेली होती तो महिना. तेव्हाही मी उचलली होती, आणि खराब आहे म्हणून परत द्यायला गेलो होतो.

दुसऱ्या तबकडीला बाक आलाय. दोन काचांच्या मध्ये दाबून ठेवली आहे. ऊन दाखवायचं धाडस होत नाही. कुणी बाक काढला असेल तर किती दिवस लागले ते सांगा.

शेवटच्या खोक्यात तबकडी नव्हतीच, नुसता पुठ्ठा निघाला. त्यावर पेन्सिलीनं 'सिमला बीट ७०'. सिगारेट कंपनीनं भरवलेल्या त्या स्पर्धेतले आपल्याकडचेच बँड, १९७० आणि ७१ असे दोन एलपी निघाले. काकांना पहिला कधीच मिळाला नाही. कप्प्यात जागा धरून ठेवायला तो पुठ्ठा. भिजून फुगलाय. वाळवून माझ्या कप्प्यात, एस मध्ये, उभा केलाय.