मॉन्ट्रियलला परतले की श्वार्ट्झ

पुण्याहून मॉन्ट्रियलला परत आलं की पहिल्या दिवशी घरात मेतकूट भात, कारण बॅगेत ताजं मेतकूट असतं आणि जेटलॅगमध्ये दुसरं काही करायची ताकद नसते. पण दुसऱ्या दिवशी मात्र ५५ नंबरची बस पकडायची आणि सॅं लॉरां रस्त्यावर श्वार्ट्झ नावाचं खाण्याचं दुकान गाठायचं. तिथलं स्मोक्ड मीट पोटात गेलं की मग मी खरी घरी पोचते.

हा रस्ता म्हणजे शहराचा कणा, पूर्व-पश्चिम पत्ते इथूनच मोजायला सुरुवात होते. जुने लोक अजून याला नुसतं 'मेन' म्हणतात. पूर्व युरोपातून आलेली ज्यू कुटुंबं याच्याच आजूबाजूला राहिली, कपड्यांच्या कारखान्यांत राबली, आणि त्यांच्या खाण्यातून ही दुकानं उभी राहिली. रोमानियाहून आलेल्या रूबेन श्वार्ट्झ यांनी हे दुकान १९२८ मध्ये काढलं. पाटीवर फ्रेंचमध्ये 'शार्क्युतरी एब्राइक' असं लिहिलंय. जागा अगदी चिंचोळी, बाहेर थंडीतही रांग, आत अनोळखी लोकांबरोबर टेबल शेअर करायचं, आणि मला ते फार आवडतं कारण समोरचा काय खातोय ते बघून गप्पा सुरू होतात.

आता मुख्य गोष्ट. स्मोक्ड मीट होतं ब्रिस्केटचं, म्हणजे गायीच्या छातीकडचं मांस. हा भाग चिवट, म्हणून एकेकाळी स्वस्त. मीठ-मसाल्यात, त्यात मिरी, धणे, लसूण आलंच, दहाएक दिवस मुरवायचं, मग धुरावर भाजायचं आणि शेवटी वाफेवर ठेवायचं. इतक्या सगळ्यातून गेल्यावर ते एवढं मऊ होतं की मशीनवर कापलं तर भुगाच होईल, म्हणून काउंटरमागे माणूस सुरी घेऊन आडवे काप करतो, तेही ऑर्डर आल्यावर, गरमागरम. राय या धान्याच्या ब्रेडचे दोन छोटे तुकडे, पिवळी मस्टर्ड, बस. सोबत आंबट काकडीचं पिकल, व्हिनेगरवालं कोबीचं सॅलड, आणि ब्लॅक चेरी सोडा, तो गोड आहे पण या खारट-तिखटाबरोबर तोच लागतो.

ऑर्डर करताना मीडियम म्हणायचं, म्हणजे मध्यम चरबीचं. लीन, म्हणजे कमी चरबीचं, मागवणाऱ्यांचं मला वाईट वाटतं, अहो चरबीतच तर सगळा मसाला उतरलेला असतो!

इथलं मांस कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या आहारनियमांनुसार, नाही, पण पद्धत ज्यू घरांचीच. मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही त्यामुळे ब्रेडला लोणी नाही, मस्टर्डच. मला इथे हमखास आपल्या कोकणातले ज्यू, बेने इस्रायल, आठवतात, अलिबागकडचे, घरात मराठी बोलणारे, मटणाच्या रश्श्यात दह्याऐवजी नारळाचं दूध घालणारे. नियम तोच, पण तिकडे रोमानियाच्या थंडीतून राय आणि मस्टर्ड आलं आणि इकडे समुद्राकाठी नारळ होता, म्हणून चव पूर्ण वेगळी. हे दोन्ही मी खाल्लंय याचा मला खूप आनंद आहे.

या वेळी तर मी बसून एक सँडविच खाल्लं आणि घरी न्यायला अर्धा किलो मीट पण घेतलं, ते घरी वाफेवरच गरम करायचं बरं का, मायक्रोवेव्ह करून कडक करू नका.

आणि इतक्या लांब आलातच तर तिथून उत्तरेला चालत सॅं व्हिएतर रस्त्यावर जाऊन बेगल, म्हणजे मधे भोक असलेले गोल पाव, घ्या. लाकडाच्या भट्टीत भाजतात, त्याआधी मधाच्या पाण्यात उकळतात, म्हणून न्यूयॉर्कच्या बेगलपेक्षा बारीक आणि गोडसर लागतात. खसखशीचे पण मिळतात, पण तिळाचेच घ्या आणि रस्त्यातच एक गरम खा.